वडिलांच्या पायाची जखम आणि बीपीसी-१५७ चं इंजेक्शन : कुणाला माहिती आहे का?

पूर्वभागवाला

नमस्कार मंडळी. जरा लांबड लागेल, सांभाळून घ्या.

वडील ५८ वर्षांचे. सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर आहेत. शुगर बरीच वर्षं आहे, गोळ्या चालू, पथ्य बंद. कोजागरीला नेहमीप्रमाणे तुळजापूरला चालत गेले, तेही अनवाणी. सगळ्यांनी नको म्हणून सांगितलं, पण आईच्या दर्शनापुढे आमचं कोण ऐकतंय. परत आले तेव्हा उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याला फोड होता. त्यांना पत्ताच नाही. आईला फरशीवर ओले ठसे दिसले म्हणून कळलं. फोड फुटून जखम झाली. दिवाळी गेली, गड्ड्याची जत्रा तोंडावर आली, जखम आहे तिथेच आहे. रुपयाच्या नाण्याएवढी, कडेने पांढरी जाड कातडी, मधे फिकट गुलाबी. दुखत नाही, म्हणून रोज कामावर जातात. बारा तासांची पाळी, सगळी उभ्याने.

एका दवाखान्यात ड्रेसिंग चालू आहे. पट्टी बदलतात, अँटिबायोटिक बदलतात. पाय हातात घेऊन नीट बघितल्याचं मला तरी आठवत नाही.

आता मुद्दा. मावसभाऊ जुळे सोलापुरात जिमला जातो. तिथल्या ट्रेनरने त्याला एक छोटी कुपी दिली आहे. तळाला पांढरी पावडर, वर बीपीसी-१५७ लिहिलेलं, आणि खाली मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत ‘फक्त संशोधनासाठी, माणसांसाठी नाही’. ट्रेनर म्हणतो, काकांना पोटावर टोचा, आठवड्यात जखम भरते, परदेशात खेळाडू सर्रास घेतात. नेटवर बघितलं तर खरंच ढीगभर शोधनिबंध आहेत. कुणी वापरलंय का? की आपण उगाच घाबरतोय?

कोपरापासून_नमस्कार

मी घेतलंय. टेनिस एल्बोने हैराण होतो, पाण्याची बादली उचलता येत नव्हती. फिजिओ झाला, पट्टा झाला, शेवटी बीपीसी घेतलं आणि दोन महिन्यांत कोपर मोकळं. साइड इफेक्ट शून्य. डॉक्टर लोक सांगणार नाहीत, कारण त्यात त्यांचं काही सुटत नाही. बिनधास्त घ्या.

जुनी_गिरणी

आमच्या वेळी गिरणीत पाय कापला की हळद दाबायची आणि पुढच्या पाळीला हजर. तुम्ही पोरं पावडरी टोचून घेताय. पण शुगरवाल्याच्या पायाला गरम पाण्याचा शेक तेवढा देऊ नका. आमच्या शेजारच्या एकाने बादलीत पाय घालून ठेवला, पाणी किती कढत आहे ते त्याला कळलंच नाही, दोन्ही पायांची सालं निघाली.

ओटीतला

काकांचं शेकाबद्दलचं वाक्य सोन्याचं आहे. (हळदीचं राहू द्या.)

पूर्वभागवाला, मी सर्जन आहे, मूळचा सोलापूरचा. इथे बसून उपचार सांगणार नाही, पण कुपीवर येण्याआधी तीन प्रश्न. वडिलांच्या पायाच्या नाड्या कुणी तपासल्या आहेत का? जखमेत बोथट सळई घालून हाडाला लागते का, ते बघितलंय का? आणि त्या पायावर दिवसभरात किती भार पडतो? तिसऱ्याचं उत्तर तुम्हीच दिलंय, बारा तास.

तुमच्या वर्णनावरून ही दाबाची जखम वाटते. शुगरने पायाच्या नसा बधिर होतात. आपण चालताना टोचलं की नकळत पाय वाकडा टाकतो, त्यांना टोचतच नाही, म्हणून प्रत्येक पाऊल त्याच जागी पडतं. कातडी बचावासाठी जाड होते, ती जाड कातडीच खाली खडा होऊन रुतते आणि आतलं मांस मरतं. कडेची ती पांढरी कड म्हणजे हेच. वरून मलम लावा नाहीतर पोटात टोचा, तो माणूस दर मिनिटाला त्या जखमेवर आपलं सगळं वजन ठेवतोय.

ही जखम भरण्याचा सगळ्यात खात्रीचा उपाय नव्या औषधात नाही, प्लास्टरमध्ये आहे. टोटल कॉन्टॅक्ट कास्ट म्हणतात. पायाला तंतोतंत बसणारं, गुडघ्याखालपर्यंतचं प्लास्टर. वजन सगळ्या तळव्यावर आणि पोटरीवर वाटलं जातं. वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांसाठी ते वापरलं आणि तिथून ते मधुमेहाकडे आलं. २००१ मध्ये अमेरिकेत तीन गट करून तुलना झाली. प्लास्टरच्या गटात १२ आठवड्यांत जवळजवळ ९० टक्के जखमा भरल्या, काढता-घालता येणाऱ्या बुटाच्या गटात ६५ टक्के, अर्ध्या चपलेच्या गटात ५८ टक्के.

काढता येणारा बूट मागे का पडला, तर लोक तो काढतात. २००३ च्या एका अभ्यासात रुग्णांच्या कमरेला आणि बुटाला स्वतंत्र पावलं मोजणारी यंत्रं लावली होती. दिवसभरातल्या हालचालीपैकी जेमतेम २८ टक्के बूट घालून झालेली निघाली. घरात चार पावलं टाकायला कोण बूट चढवतो!

नाडी लागत नसेल तर मात्र प्लास्टरची घाई नको, आधी रक्तपुरवठ्याचं बघावं लागतं. आणि ताप, पायाला सूज, पसरत जाणारी लाली, घाण वास, काळं पडलेलं बोट, यातलं काहीही दिसलं तर धागा बंद करून त्याच दिवशी सिव्हिल गाठा.

पूर्वभागवाला

डॉक्टर, मनापासून आभार. पण खरं सांगतो, प्लास्टर म्हटलं की ते उठून जातील. कामावर गेलं तर पगार, नाही गेलं तर नाही. प्लास्टर घालून मागाच्या मधल्या गल्लीत येरझाऱ्या कशा घालणार? इंजेक्शनाचा विचार त्यामुळेच मनात आला. टोचलं की काम तरी चालू राहील.

पेशीबिशी

मी पुण्यात प्रयोगशाळेत काम करते, पेप्टाइडशी रोजचा संबंध. माहेर सोलापूर, म्हणून हा धागा उघडला.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. बीपीसी-१५७ मध्ये ती १५ आहेत. क्रोएशियात झाग्रेब विद्यापीठात प्रेद्राग सिकिरिच आणि त्यांच्या गटाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हे पुढे आणलं. जठररसातल्या एका संरक्षक प्रथिनाचा तुकडा, अशी त्याची ओळख करून दिली जाते; बाजारात मिळतं ते कृत्रिमरीत्या जोडलेलं असतं. उंदरांवरचे निकाल दिसायला भारी आहेत, ते नाकारणार नाही. जठराचे व्रण, तोडलेली टाचेची कंडरा (स्नायू हाडाला बांधणारी दोरी), स्नायू, भाजलेली कातडी, सगळीकडे सुधारणा. तैवानच्या गटाने २०११ मध्ये दाखवलं की कंडरेतल्या पेशी बीपीसीच्या संगतीत जास्त सरकतात आणि तगतात. नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत होते, असंही प्रयोगांत दिसतं.

आता यातल्या अडचणी. सिंहाचा वाटा एकाच गटाच्या कामाचा आहे. उंदीर तरुण, धडधाकट, जखम ताजी आणि ब्लेडने नीट केलेली. आणि उंदराच्या कातडीखाली एक पातळ स्नायूचा थर असतो, तो आकसून जखमेच्या कडा ओढून जवळ आणतो. माणसाच्या तळव्याला ती सोय नाही. तिथे आधी मांसाचा नवा थर भरावा लागतो आणि मग कडेने कातडीच्या पेशी सरकत याव्या लागतात. म्हणून उंदराच्या पाठीवर जे आठवड्यात होतं, ते काकांच्या अंगठ्याखाली आठवड्यात होईल असं म्हणायला काही आधार नाही.

माणसांवरचं काम बोटांवर मोजण्याइतकं. २०१५ मध्ये ४२ निरोगी स्वयंसेवकांची पहिल्या टप्प्याची चाचणी नोंदवली गेली, तिचे निकाल छापून आले नाहीत. २०२१ मध्ये गुडघ्यात इंजेक्शन घेतलेल्या १६ जणांची माहिती आली, तुलनेला दुसरा गटच नव्हता. मग २०२५ मध्ये शिरेतून देऊन सुरक्षितता बघितली, ती दोन माणसांत. मधुमेहाच्या पायावर तर काहीच नाही.

एक काळजीही आहे. रक्तवाहिन्या फुटायला मदत करणारं रसायन एखाद्या लपलेल्या गाठीलाही मदत करेल का, हा प्रश्न उघडा आहे. ५८ व्या वर्षी तो प्रश्न बाजूला सारण्याजोगा नाही.

कोपरापासून_नमस्कार

झालं! जे स्वस्त आणि गुणकारी ते कंपन्यांना नको असतं. पेटंट नाही, पैसा नाही, म्हणून चाचण्या होत नाहीत. साधं गणित आहे.

आणि माझं कोपर कशाने बरं झालं मग?

पेशीबिशी

कंपनीला नको होतं हे तितकंसं खरं नाही. क्रोएशियाच्याच प्लिव्हा कंपनीने मोठ्या आतड्याच्या सुजेसाठी, अल्सरेटिव्ह कोलायटिससाठी, ते दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीपर्यंत नेलं होतं. पुढे औषध बाजारात आलं नाही.

ओटीतला

कोपराबद्दल मी सांगतो. टेनिस एल्बो बहुतेकांचा वर्षभरात काहीही न करता बरा होतो. तुम्ही फिजिओ, पट्टा, वेळ हे सगळं करून मग टोचलंत, आणि श्रेय रांगेत शेवटी उभं असलेल्याला मिळालं. बीपीसीने काहीच केलं नाही असं मी म्हणत नाही, तुमच्या एकट्या कोपरावरून ते ना मला सांगता येईल, ना तुम्हाला. बादली उचलता येतेय ना, उत्तम.

शेंगाचटणी

माझं मेडिकल स्टोअर आहे, म्हणून कुपीबद्दल दोन शब्द.

कुठलंही औषध हातात घेतलं की मी आधी लेबल उलटं करून बघते. उत्पादन परवाना क्रमांक, बॅच नंबर, मुदत, एमआरपी, बनवणाऱ्याचा पत्ता. तुमच्या कुपीवर यातलं काय आहे? ‘माणसांसाठी नाही’ हे एकच वाक्य त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलंय, आणि तेच ट्रेनर वाचत नाही. बीपीसीला आपल्याकडे औषध म्हणून मंजुरी नाही, त्यामुळे पावतीही मिळणार नाही आणि काही झालं तर दाद मागायला दारही नाही.

हे विकणारे एक प्रमाणपत्र दाखवतात, ९९ टक्के शुद्ध वगैरे. तो आकडा खरा धरला तरी पावडरीत इतर पेप्टाइडचे तुकडे किती, एवढंच तो सांगतो. ती निर्जंतुक आहे का, जंतूंच्या कवचाचं विष, म्हणजे एंडोटॉक्सिन, त्यात आहे का, याचं उत्तर त्या आकड्यात नसतं. त्या वेगळ्या तपासण्या असतात. शिवाय पावडरीत पाणी घालणार कोण, घरात, कुठल्या सुईने? ज्याच्या पायाला आधीच जंतुसंसर्गाची भीती आहे त्याच्या पोटात हे टोचायचं?

अमेरिकेच्या एफडीएनेही, म्हणजे तिथल्या औषध नियामकानेही, २०२३ मध्ये बीपीसी-१५७ ला फार्मसीत बनवून देण्याच्या पदार्थांत धोक्याच्या यादीत टाकलं. कारणं दिली ती हीच, अशुद्धी आणि शरीराची उलटी प्रतिक्रिया.

रेडर

मधेच विचारतो, माफ करा. मी जिल्हा संघातून कबड्डी खेळतो, गुडघ्याची लिगामेंट दुखावली आहे. आमच्या ग्रुपमध्येही हेच नाव फिरतंय, सोबत टीबी-५०० पण. घेतलं तर कुठे अडकेल का?

पेशीबिशी

अडकेल. बीपीसी-१५७ हे २०२२ पासून वाडाच्या (जागतिक उत्तेजक-विरोधी संस्थेच्या) प्रतिबंधित यादीत नावानिशी आहे, ‘कुठेच मंजूर नसलेले पदार्थ’ या गटात. टीबी-५०० हे थायमोसिन बीटा-४ या ४३ अमिनो आम्लांच्या पेप्टाइडशी संबंधित. तेही प्रतिबंधित, पण ग्रोथ फॅक्टरच्या, म्हणजे वाढीच्या घटकांच्या, गटात. स्पर्धा असो वा नसो, बाराही महिने बंदी. ‘मला ट्रेनरने दिलं’ हे उत्तर नाडापुढे, म्हणजे आपल्याकडच्या उत्तेजक-विरोधी संस्थेपुढे, चालत नाही, नमुन्यात सापडलं की जबाबदारी खेळाडूची.

रेडर

बापरे. ग्रुपवर टाकतो हे.

चटकचांदणी

अवांतर: तोंडाला लावायचं कॉपर पेप्टाइड सीरम येतं ते याच भावकीतलं का? मी रोज लावते, आता झोप उडाली.

पेशीबिशी

ताई, झोपा. ते जीएचके, तीन अमिनो आम्लांचं, तांब्याला धरून राहणारं. लॉरेन पिकार्ट यांनी १९७३ मध्ये माणसाच्या रक्तद्रवातून वेगळं केलं. अखंड कातडीवर क्रीम लावणं आणि सुईने टोचणं यात फरक आहे. सुरकुत्यांचं काय होतं ते तुमच्या आरशाला विचारा.

अक्का_बोलते

पूर्वभागवाला, मी तुमच्याच भागातली. आमच्या मामांचंही अगदी असंच झालं होतं, डावा पाय. म्हणून डॉक्टरांनी जे सांगितलं त्याच्या पुढचं सांगते, कारण प्लास्टर घालणं सोपं आहे आणि घातल्यावर घर चालवणं अवघड.

मामा पण हेच म्हणाले, माग कोण बघणार? शेवटी आम्ही मामा नसताना मालकाकडे गेलो. मालकाला कागद दाखवला, म्हटलं पाय गेला तर माणूस जाईल, थोडे दिवस बसून करायचं काम द्या. त्यांनी मामांना कांड्या (बाण्याचं सूत गुंडाळायच्या नळ्या) भरायला बसवलं, नंतर टॉवेलची घडी आणि पॅकिंग. पगार कमी झाला, पण बंद नाही झाला. बसायला उंच स्टूल नको, पाय लोंबतो. आम्ही जुन्या बाचक्याची गादी करून समोर दुसऱ्या स्टुलावर पाय ठेवायची सोय केली. संडासला जायला वॉकर. आंघोळीला प्लास्टरवर मोठी प्लास्टिकची पिशवी आणि वर सायकलच्या ट्यूबचा पट्टा, थेंब आत जात नाही.

आणि एक सांगू का? तुम्ही वर लिहिलंत, टोचलं की काम चालू राहील म्हणून इंजेक्शनाचा विचार आला. अहो, आमच्या घरात पण सगळ्या मलमांचं, पुड्यांचं मूळ तेच होतं. कुणालाही जखमेशी मतलब नव्हता, खाडा होऊ नये एवढंच होतं. मामींनी तर गाणगापूरचा अंगारा पण लावून बघितला.

खर्चाचं म्हणाल तर महात्मा फुले योजनेचं बघा. मोठ्या रुग्णालयात आरोग्यमित्र म्हणून माणूस बसलेला असतो, रेशन कार्ड घेऊन त्यालाच आधी गाठा. कुठलं बसतं, कुठलं नाही, ते तो तोंडावर सांगतो.

जुनी_गिरणी

अक्कांना शंभर मार्क. आमच्या युनियनला हे कधी सुचलं नाही.

पूर्वभागवाला

अक्का, सायकलच्या ट्यूबची युक्ती लिहून घेतली. मालक तसे बरे आहेत, बोलून बघतो.

डॉक्टर, एक शंका. नेटवर वाचताना बीपीसी सोडून मंजूर असलेली जेलं पण दिसली. ग्रोथ फॅक्टर म्हणतात. त्यांचं काय? ती तरी खरी आहेत ना?

ओटीतला

खरी आहेत, आणि आधी ती विचारायला हवीत असं मला वाटतं. दोन नावं सांगतो.

एक बेकाप्लर्मिन. पीडीजीएफ नावाच्या वाढीच्या घटकाचं जेल, अमेरिकेत १९९७ मध्ये मधुमेहाच्या पायासाठीच मंजूर झालं. ३८२ रुग्णांच्या चाचणीत २० आठवड्यांनी जेलच्या गटात ५० टक्के जखमा पूर्ण भरल्या, औषध नसलेल्या जेलच्या गटात ३५ टक्के. फायदा आहे, चमत्कार नाही. २००८ मध्ये त्यावर कर्करोगाचा ठळक इशारा आला, पुढची माहिती जमल्यावर २०१८ मध्ये तो काढला.

दुसरं ईजीएफ, हाही वाढीचाच एक घटक. हैदराबादच्या भारत बायोटेकचं रिजेन-डी जेल हे याच गटातलं, आपल्याकडे चिठ्ठीवर मिळतं.

बेकाप्लर्मिनच्याच एका चाचणीतली गोष्ट मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. वेगवेगळ्या रुग्णालयांचे आकडे शेजारी ठेवले तेव्हा दिसलं की जिथे मेलेली कातडी वारंवार तासून काढत होते तिथे जखमा जास्त भरल्या. जेल असलेल्यांच्याही आणि नसलेल्यांच्याही. ताण्यातले धागेच तुटलेले असतील तर बाणा कितीही महागाचा टाका, कापड होत नाही; पूर्व भागात हे मी वेगळं सांगायला नको.

कारणही साधं आहे. जुनाट जखमेत पू आणि पाझर असतो, त्यात प्रथिनं कुरतडणारी द्रव्यं भरलेली असतात. बाहेरून घातलेला नाजूक पेप्टाइड तिथे किती वेळ टिकणार? वर रक्त पोचत नसेल आणि माणूस त्यावर उभा असेल तर विषयच संपला. मधुमेही पायाच्या २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी तर ग्रोथ फॅक्टर सरसकट वापरू नयेत असंच सुचवलंय. माझं वैयक्तिक मत थोडं मवाळ आहे. बाकी सगळं नीट करूनही जखम हलत नसेल तर एखाद्या रुग्णाला मी ईजीएफ देतो. पण ते शेवटच्या रांगेत.

जखम हलते की नाही हे कसं ओळखायचं? फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून, आठवड्यातून एकदा. चार आठवड्यांत क्षेत्रफळ निम्म्याने कमी झालं तर १२ आठवड्यांत भरण्याची शक्यता चांगली. २००३ च्या अभ्यासात असे ५८ टक्के भरले. ज्यांचं निम्म्यानेही कमी झालं नाही त्यांच्यात फक्त ९ टक्के.

पेशीबिशी

ईजीएफवरून आठवलं म्हणून, वाचायला गंमत. स्टॅन्ली कोहेन उंदरांच्या लाळग्रंथींचा अर्क नवजात पिल्लांना टोचत होते, तर पिल्लांचे डोळे ठरलेल्या दिवसाआधीच उघडायला लागले. कशामुळे, याचा पाठलाग करता करता ईजीएफ सापडलं, ५३ अमिनो आम्लांचं. १९८६ चं नोबेल त्यांना आणि रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना मिळून मिळालं. म्हणजे पेप्टाइडने जखम भरते ही कल्पना खुळचट अजिबात नाही. उंदराच्या पिल्लापासून चिठ्ठीवरच्या जेलपर्यंत यायला अर्धशतक लागलं, आणि बीपीसीवाले मधला सगळा रस्ता गाळून थेट जिममध्ये उतरलेत, माझा राग तेवढाच आहे.

कोपरापासून_नमस्कार

बरं बाबा. माझ्यापुरतं मी घेतलं, पण शुगरवाल्या काकांना ‘बिनधास्त घ्या’ हे मागे घेतो.

पूर्वभागवाला

अपडेट देतो.

दुसऱ्या सर्जनकडे नेलं. त्यांनी पहिल्यांदा दोन्ही पाय मांडीवर घेतले आणि एक नायलॉनचा तार तळव्याला ठिकठिकाणी टेकवून वडिलांना विचारलं, कळतंय का. वडील डोळे मिटून ‘अजून लावला नाही’ म्हणत होते, तेव्हा तार वाकलेला होता. आई बाहेर निघून गेली. नाड्या हाताला लागल्या, डॉपलरही (रक्तप्रवाहाची तपासणी) ठीक आला, पण शुगरवाल्यांच्या कडक रक्तवाहिन्यांत तो फसवू शकतो म्हणून अंगठ्यातला रक्तदाबही घेतला. सळई हाडाला लागली नाही, एक्स-रे साफ आहे. एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) मात्र १०.२, त्यावर आमच्यासमोर वडिलांची चांगलीच हजेरी घेतली. इन्सुलिन सुरू केलंय.

कडेची जाड कातडी ब्लेडने तासली. रक्त आलं तेव्हा सर्जन म्हणाले, चांगलं आहे, इथे रक्त आहे. जखम दिसायला आधीपेक्षा मोठी झाली आणि मी घाबरलो, पण ती आतून तेवढीच होती, कातडीखाली झाकलेली. मग प्लास्टर.

मालकांनी कांड्यांवर बसवलं आहे. वडील दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, कांड्या भरणाऱ्या बायका पाळीभर काय गप्पा मारतात, मागाच्या आवाजात इतकी वर्षं कळलंच नव्हतं.

कुपीचं म्हणाल तर मावसभावाने परत मागितली, त्याला खांद्यासाठी वापरायची आहे. मी दिलेली नाही. कचऱ्यात टाकू का?

शेंगाचटणी

कचऱ्यात नको, घंटागाडीवाला हाताने वेचतो, काच फुटली तर त्याच्या हातात. माझ्या नाहीतर कुठल्याही ओळखीच्या दुकानात द्या, मुदत संपलेल्या मालाबरोबर आम्ही विल्हेवाट लावतो. आणि मावसभावाला हा धागा वाचायला लावा, रेडरला दिलेल्या उत्तरापासून.

अक्का_बोलते

गप्पांचं ऐकून हसले. मामा तर प्लास्टर निघाल्यावरही मागावर परत गेले नाहीत, पॅकिंगलाच राहिले.

प्लास्टर निघाल्यावर साधी रबरी चप्पल घालू देऊ नका. एमसीआर रबराची मिळते, मऊ तळाची, मागे पट्टा असलेली. पट्टा हवाच, बधिर पायातून चप्पल कधी निसटली ते कळत नाही.

ओटीतला

छान काम झालंय. दोन गोष्टी राहिल्या. पहिलं प्लास्टर आठवड्याच्या आत बदलायचं, कारण सूज उतरली की ते सैल होऊन आत घासतं. तारीख चुकवू नका. आणि प्लास्टरमुळे उजवा पाय उंच झाला असेल, म्हणजे चालताना सगळा भार डाव्यावर. डाव्या चपलेला तेवढ्याच उंचीचा तळ लावून घ्या, कुठलाही चांभार करून देईल. डावा पायही तितकाच बधिर आहे. तो रोज रात्री उजेडात, बोटांच्या बेचक्यांसकट बघायचा. ज्यांना वाकता येत नाही त्यांनी खाली आरसा ठेवावा.

पूर्वभागवाला

आत्ताच बॅटरी लावून बघितला. टाचेला भेग आहे, करंगळीच्या बेचक्यात पांढरं झालंय. प्लास्टर बदलायला जाऊ तेव्हा दाखवतो. चपलेचं सकाळीच चौकातल्या चांभाराकडे देतो.